पीपीएफवरचं कर्ज: घेतलं, फेडलं, आता सविस्तर रिव्ह्यू

पर्सनल लोनच्या मागे धावण्याआधी पीपीएफवर (पब्लिक प्रॉव्हिडंट फंड, म्हणजे सरकारची दीर्घ मुदतीची बचत योजना) कर्ज मिळतं हे लोकांना कळायला पाहिजे असं मला फार वाटतं, म्हणून लिहितेय. मी घरी ट्यूशन घेते, पगार नाही, पीएफ नाही, पेन्शनचा तर प्रश्नच नाही, त्यामुळे पीपीएफ हीच माझी म्हातारपणाची पुंजी. २०२१-२२ मध्ये खातं उघडलं होतं, आणि २०२४-२५ मध्ये सोलापूरच्या घराचा स्लॅब गळायला लागला, पावसाळ्याआधी काम करणं भागच होतं, तेव्हा त्यावर ५०,००० कर्ज काढलं.

पहिली निराशा रकमेची. खात्यात आज किती आहेत त्यावर कर्ज मिळत नाही, कर्ज मागतो त्या आर्थिक वर्षाच्या दोन वर्षं आधीचं जे आर्थिक वर्ष, त्याच्या शेवटी ३१ मार्चला (माझ्या बाबतीत ३१ मार्च २०२३) जी शिल्लक असेल तिच्या फक्त २५ टक्के मिळतं. म्हणजे दरवर्षी एप्रिलच्या सुरुवातीला लाख रुपये भरणाऱ्याचे दोन वर्षांनी साधारण २ लाख २१ हजार होतात आणि त्यावर कर्ज बसतं ५५ हजारांच्या आसपास. मोठ्या खर्चाला हे पुरणार नाही. शिवाय हे फक्त तिसऱ्या ते सहाव्या आर्थिक वर्षातच मिळतं, सातव्यापासून थेट थोडे पैसे काढता येतात आणि ते परत भरावे लागत नाहीत.

पण फेडायची पद्धत मात्र मला मनापासून आवडली. ३६ महिन्यांत मुद्दल परत करायचं, एकदम करा नाहीतर हप्त्यांनी, आणि मुद्दल फिटल्यावर व्याज जास्तीत जास्त दोन हप्त्यांत भरायचं. माझ्यासारखीला जून-जुलैमध्ये फी येते आणि एप्रिल-मे कोरडे जातात, तिला दर महिन्याचा ठरलेला ईएमआय गळ्याशी येतो. इथे फी आली की जास्त भरले, सुट्टीत हात आखडला, कोणी चेक बाउन्सची भीती घातली नाही.

व्याजाबद्दल मात्र नीट समजून घ्या, कारण सगळे "फक्त १ टक्का" एवढंच सांगतात. ५०,००० वर वर्षाला ५०० रुपये, हे खरंय. पण तेवढी रक्कम खात्याबाहेर असते तेव्हा तिच्यावरचं ७.१ टक्के व्याज बुडतं, म्हणजे वर्षाला ३,५५० गेले, दोन्ही मिळून खरा खर्च ८.१ टक्के. तरीही पर्सनल लोनपेक्षा स्वस्तच पडतं हो. ३६ महिने उलटले तर मात्र बाकी रकमेवर दर अगदी सुरुवातीपासून १ चा ६ टक्के होतो, तीन वर्षांचे १,५०० व्हायचे तिथे ९,००० होतात, आणि या मुदतीची आठवण करून देणारा मला तरी बँकेकडून एकही मेसेज आला नाही.

बँकेच्या सेवेला मी कमी मार्क देईन. अ‍ॅपमधून भरलेला माझा एक हप्ता त्यांनी नेहमीची वर्गणी म्हणून जमा केला, कर्ज होतं तेवढंच राहिलं, पासबुक भरून घेतलं म्हणून दिसलं, आणि दुरुस्तीसाठी खेटे घालावे लागले. तेव्हापासून मी शाखेत जाऊनच भरायचे आणि स्लिपवर "कर्ज परतफेड" असं लिहायचे. ही नोंद वेगळी असणं महत्त्वाचं आहे कारण परतफेडीचा हप्ता ८० सी मध्ये, म्हणजे गुंतवणुकीवरच्या आयकर सवलतीत, धरता येत नाही, आणि वर्षाचे किमान ५०० रुपये तरीही वेगळे भरावेच लागतात, नाहीतर खातं बंद पडतं.

ओझं वाटू नये म्हणून मी फी हातात आली की घरखर्चाला हात लावायच्या आधी हप्ता बाजूला काढायचे, आणि शक्यतो ५ तारखेच्या आत भरायचे, कारण व्याज ५ तारखेपासून महिनाअखेरपर्यंतच्या सगळ्यात कमी शिल्लकेवर मोजतात, म्हणजे वेळेत परत गेलेला पैसा त्याच महिन्यापासून पुन्हा वाढायला लागतो.

माझ्याकडून पाचपैकी साडेतीन. ज्यांचं उत्पन्न वरखाली होतं आणि गरज पन्नास-साठ हजारांच्या आत आहे त्यांनी जरूर घ्यावं. दुसरं कर्ज मात्र पहिलं व्याजासकट फिटल्याशिवाय मिळत नाही, तेव्हा लागणार तेवढं एकदाच नीट हिशोब करून मागा.