मोडी आधी की फारसी? सोलापुरात बसून ठरवायचं असेल तर

मध्ययुगीन इतिहासाचा नाद लागला की वर्षा-दोन वर्षांत हा प्रश्न येतोच, जुन्या मराठी कागदांची मोडी लिपी शिकू का दरबारातली फारसी. दोन्ही शिका म्हणणारे भेटतात, पण दुकानात हिशोब लिहून पोट भरणाऱ्या आणि हातात फक्त रविवारची सकाळ असलेल्या माणसाला तो सल्ला घेऊन काय करायचंय. मी दोन्हीत पाय घालून बघितला आणि एकात राहिलो, तेवढ्यावरून सांगतोय, तुमचं वेगळं असू शकतं.

मला खरं तर फारसीच शिकायची होती. भुईकोटाच्या तटाखालून रोज येणं-जाणं, आणि हा किल्ला म्हणजे निजामशाही-आदिलशाहीच्या भांडणाचं मूळ, तोच १५६४ मध्ये निजामशहाच्या मुलीच्या, चांदबिबीच्या लग्नात आंदण म्हणून विजापूरच्या आदिलशहाला गेला आणि लगेच पुढच्या जानेवारीत सासरा-जावई मिळून तालिकोटला विजयनगरावर चालून गेले. हे सगळं राजकारण ज्या भाषेत चाललं ती आपल्याला यावी असं वाटणारच की. शिवाय सोलापुरात उर्दू कानावर असतेच. विजापूर वेशीकडचे एक चाचा शिकवायला तयार झाले, फी विचारली तर चहा पाज म्हणाले. तीन आठवड्यात अक्षरं आली, सहा महिन्यात छापील मजकूर अडखळत का होईना वाचायला लागलो. व्याकरण तर मराठीपेक्षा सुखाचं, लिंगाची भानगडच नाही. आणि अर्धे शब्द आपलेच निघतात, जमीन, महसूल, तारीख, वारस, फिर्याद, दस्तऐवज. तहसील कचेरीत रांगेत उभं राहिलं तरी आदिलशाही कानावर पडते असं चाचा म्हणायचे, खोटं नाही ते.

पण छापील वेगळं आणि मुनशीच्या, म्हणजे फारसी कारकुनाच्या हातचं वेगळं. शिकस्ता म्हणतात त्या वळणाला, म्हणजे मोडकं, आणि मोडकंच असतं ते. बे, पे, ते, से, नून, ये ही अक्षरं शब्दात सुरुवातीला-मध्ये आली की नुसता एक दात, फरक फक्त टिंबांचा, आणि घाईतला मुनशी टिंबंच देत नाही. एका जुन्या इनामाच्या कागदाची झेरॉक्स मिळाली होती, त्यात एक गाव होतं, दोन दात आणि शेवटी एक पोट. पोट म्हणजे जीम, चे, हे, खे यातलं काहीही. आता माझा धंदाच हिशोबाचा, सहा सक छत्तीस, गुणिले चार, एकशे चव्वेचाळीस गावं झाली, आणि ऱ्हस्व स्वर लिहीतच नाहीत ते अजून धरलेलं नाही. तीन रविवार गेले. शेवटी निघालं काय, तर नन्नज! माळढोकाचं नन्नज, जिथं मी गाडीवर अर्ध्या-पाऊण तासात पोचतो. त्या दिवशी मी मनातून फारसी सोडली, चाचांना बोललो नाही एवढंच. कारण मला हवी ती गावं, वतनं, पाटलाची भांडणं, आणि नेमकी गावाची नावंच तिथं फसवतात. ळ आणि ण तर त्या लिपीत नाहीतच, आपलं शेजारचं बाळे गाव तिकडे बाले होऊन बसतं.

मोडी काही साधी आहे असं समजू नका. आधी पानभर रेघ ओढायची आणि तिला अक्षरं टांगत जायची, दोन शब्दांत जागा सोडायची पद्धत नाही, ऱ्हस्व-दीर्घ नाही. "मागेलतेदेणे" हे मी "मागे लते देणे" असं वाचून ही लता कोण म्हणून अर्धा तास वंशावळ शोधत होतो. पण फरक असा, की मोडीत चुकलो तर भाषा आपली असल्यामुळे कान आपोआप दुरुस्त करतो. आणि गावाचं नाव गावच्याच कुलकर्ण्याने लिहिलेलं असतं, ते सहसा चुकत नाही.

फारसीची बाजू घ्यायची तर एक मोठी गोष्ट आहे. मोडी कागदांचा खरा पूर शिवकाळापासूनचा आणि त्यातही पेशवाईतला, बहमनी काळासाठी मोडीवर बसून चालत नाही. तुम्हाला दरबार, सुलतान, लढाया यातच रस असेल तर फारसीच घ्या, मी अडवणार नाही. फक्त एवढं बघा, की विजापुरात बसून फेरिश्ता या फारसी इतिहासकाराने लिहिलेल्या इतिहासाचं इंग्रजी भाषांतर १८२९ सालीच छापून झालंय, गावोगावच्या रुमालात बांधलेल्या मोडी कागदांचं कोण करणार आहे? (शिलालेखांचा नाद हा तिसराच, आपल्याकडे हत्तरसंग कुडलला १०१८ चा मराठी लेख आहे, पण तिकडे गेलात तर हळेकन्नडशिवाय, म्हणजे जुन्या कन्नडशिवाय सुटका नाही.)

आणि मोडीला आज गिऱ्हाईक आहे. २०२३ मध्ये कुणबी नोंदी शोधायला लागले तेव्हा मोडी वाचणारा माणूस कुठं मिळतो म्हणून धावपळ झाली सगळीकडे. आमच्या बोळातले दोघं-तिघं पणजोबांचे कागद घेऊन माझ्याकडे आले, मी नवशिका, तरी दोन नावं लागली. फारसीसाठी दार वाजवत अजून कुणी आलेलं नाही.

मोडी घेतली म्हणून फारसी-अरबी सुटते असंही नाही म्हणा. पत्राच्या डोक्यावर "सु॥ खमस सबैन अलफ" असलं काहीतरी असतं, हे शुहूर सनाचे, म्हणजे तेव्हाच्या कागदांवरच्या सालगणनेचे, अरबी आकडे, सु॥ हे त्या सनाचंच लघुरूप, खमस पाच, सबैन सत्तर, अलफ हजार, म्हणजे १०७५, त्यात ५९९ मिळवले की १६७४, राज्याभिषेकाचं साल. वर्ष मृगाला बदलतं म्हणून जानेवारी ते मे मधलं पत्र असेल तर ६०० मिळवायचे. हा तक्ता मी कपाटाच्या दाराला आतून चिकटवलाय, तुम्हीही चिकटवा, पाठ होत नाही.

चाचांकडे अजून जातो. आदिलशाही फर्मानात पुष्कळदा वर फारसी आणि खाली तोच मजकूर मोडीत असतो, तसल्या झेरॉक्स जमवल्यात. वरच्या ओळी ते वाचतात, खालच्या मी, आणि गावाचं नाव आलं की ते चष्मा काढून माझ्याकडे बघत बसतात.