ग्रामीण काउंटीच्या नजरेतून ‘नॅशनल रिस्क इंडेक्स’

अमेरिकेच्या संघीय आपत्ती व्यवस्थापन संस्थेने, म्हणजे फेमाने, तयार केलेला ‘नॅशनल रिस्क इंडेक्स’, म्हणजे राष्ट्रीय जोखीम निर्देशांक, विरळ वस्तीच्या, शेतीवर जगणाऱ्या काउंटीला (आपल्या जिल्ह्यासारख्या प्रशासकीय भागाला) कितपत उपयोगी पडतो, एवढाच या परीक्षणाचा विषय आहे. पूर, वणवा, टोर्नेडो, गारपीट, दुष्काळ, बर्फाचे वादळ अशा १८ नैसर्गिक आपत्तींचा अंदाज देशातील प्रत्येक काउंटीसाठी आणि तिच्यातील प्रत्येक जनगणना विभागासाठी तो विनामूल्य देतो. जिथे आपत्ती व्यवस्थापनाचे काम एकच कर्मचारी इतर जबाबदाऱ्या सांभाळून करतो, तिथे ही फार मोठी सोय आहे.

मात्र पहिल्याच पानावर दिसणाऱ्या एकूण गुणांवर विसंबू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. हे गुण काढताना अपेक्षित वार्षिक हानीला सामाजिक असुरक्षिततेनुसार, म्हणजे तिथल्या लोकांना आपत्तीचा फटका किती जास्त बसू शकतो यानुसार, वाढवले जाते आणि संकटातून सावरण्याच्या क्षमतेनुसार घटवले जाते; हानीचा आकडा इमारती, शेती आणि माणसे यांचे नुकसान डॉलरमध्ये मांडून येतो. २०२३ च्या आवृत्तीत एका मृत्यूची किंमत १ कोटी १६ लाख डॉलर धरली होती. साहजिकच जिथे घरे आणि माणसे जास्त, तिथे डॉलर जास्त, आणि म्हणून लॉस एंजेलिस काउंटी यादीच्या अग्रभागी दिसते. थोडी घरे आणि पिकांखालची विस्तीर्ण जमीन असलेली काउंटी ‘कमी’ किंवा ‘अत्यंत कमी’ जोखमीच्या रंगात रंगली, तरी तिथला माणूस सुरक्षित आहे असा त्याचा अर्थ होत नाही.

कॅन्सस राज्यातील कायोवा काउंटीची लोकसंख्या जेमतेम अडीच हजार आहे. ४ मे २००७ च्या रात्री ईएफ-५ या सर्वोच्च तीव्रतेच्या टोर्नेडोने तिचे मुख्य गाव, ग्रीन्सबर्ग, सुमारे ९५ टक्के उद्ध्वस्त केले. महानगराच्या हिशेबात ती रक्कम किरकोळ ठरली असती; त्या काउंटीचे मात्र जवळजवळ सर्वस्व गेले. म्हणून एकूण हानीपेक्षा हानीचा दर, म्हणजे असलेल्या मालमत्तेच्या आणि लोकसंख्येच्या प्रमाणात दरवर्षी अपेक्षित असलेले नुकसान, आधी पाहावा. ही माहिती याच साधनात मिळते, आणि माझ्या मते ग्रामीण वापरकर्त्यासाठी तोच त्याचा सर्वांत मोलाचा भाग आहे.

आणखी दोन मर्यादा ध्यानात ठेवाव्यात. दुष्काळाची हानी केवळ शेतीच्या नुकसानीत मोजली जाते, त्यामुळे आटलेल्या विहिरींचा त्रास त्या आकड्यात येत नाही. तसेच गुण इतर काउंट्यांच्या तुलनेत ठरत असल्याने आपल्याकडे काहीही न बदलता आपले स्थान वरखाली होऊ शकते.

फेमाच्या आपत्ती-निवारण निधीसाठी दर पाच वर्षांनी नूतनीकरण करावा लागणारा स्थानिक आपत्ती-निवारण आराखडा लिहायला बसताना हे साधन अवश्य उघडावे. कोणत्या आपत्तीकडे आपले दुर्लक्ष झाले, हे ते पटकन दाखवते. पण पावसात कोणता पूल आधी पाण्याखाली जातो आणि रुग्णवाहिकेला मग किती लांबचा वळसा पडतो, याची नोंद रस्ते विभागाच्या वहीतून आणि अग्निशमन दलाच्या स्वयंसेवकांकडूनच घ्यावी लागेल.