अक्राची 'राजकीय सहल': गाइड जाणकार, पण एका बाजूचा

शेजारच्या टेमा या बंदर-शहरात नोकरी असल्यामुळे घानाची राजधानी अक्रा मला पाठ आहे. ही अर्ध्या दिवसाची सहल घेतली ती बाबांसाठी. जिल्हा परिषदेतून निवृत्त झालेला माणूस, समुद्रकिनाऱ्यापेक्षा घानाचा कारभार बघण्यात रस.

गाइड निवडणुकीत एका पक्षाचा पोलिंग एजंट असतो. घानाचे पहिले राष्ट्राध्यक्ष एन्क्रुमा यांच्या स्मारकात 1966च्या लष्करी उठावात पाडलेला त्यांचा पुतळा आहे, डोकं शेजारी वेगळ्या चौथऱ्यावर. तिथे 1981पर्यंतचे उठाव आणि 1992ची राज्यघटना त्याने पाच मिनिटांत उरकली. बरंच केलं, कारण खरा माल पुढे होता. त्याने मोबाइलवर 'पिंक शीट' दाखवली. मतं केंद्रावरच सगळ्यांदेखत मोजायची, आकडे या कागदावर भरायचे, एजंटांनी सह्या करून आपापली प्रत घ्यायची. त्यामुळे पक्षांकडेही स्वतःची बेरीज असते. 2024च्या राष्ट्राध्यक्ष निवडणुकीत अधिकृत निकालाआधीच सत्ताधारी पक्षाचे उमेदवार बावुमियांनी विरोधी उमेदवार महामांना फोन करून हार मानली, ती याच जोरावर.

2020च्या संसद निवडणुकीत दोन्ही मोठ्या पक्षांना 137-137 जागा आणि एक अपक्ष. सभापती निवडीच्या रात्रीची धक्काबुक्की, मतपत्रिकांची पळवापळवी, सभागृहात शिरलेले सैनिक हे सगळं गड्याने साभिनय सांगितलं! जुबिली हाउस, म्हणजे राष्ट्राध्यक्षांचं कार्यालय, बाहेरूनच पाहिलं. भारताच्या कर्जातून शापूरजी पालनजींनी बांधलंय म्हटल्यावर बाबा खूश.

आता तक्रार. 2022ला देशाचे कर्जाचे हप्ते थकले, महागाई 50 टक्क्यांपुढे गेली. याचं सगळं खापर त्याने तेव्हाच्या सरकारवर फोडलं, कोरोनाचं नावसुद्धा नाही. दोन्ही पक्षांच्या राजवटीत चाललेल्या गलामसेबद्दल, म्हणजे बेकायदा सोनं उपशाबद्दल, विचारलं तर गाडी थेट हस्तकलेच्या बाजाराकडे. तिथे अर्धा तास फुकट गेला.

बाबांनी विचारलं, "इथला महापौर कोण निवडतं?" उत्तर आलं, राष्ट्राध्यक्ष नेमतात, स्थानिक सभेची दोन-तृतीयांश मान्यता लागते. शिवाय सभेचे 30 टक्क्यांपर्यंत सदस्यही नेमलेलेच. बाबा म्हणाले, "मग आमची झेडपी बरी की रे!" हा मुद्दा गाइडने आपणहून काढायला हवा होता.

पाचपैकी साडेतीन. पैसे आधी सेडीतच (घानाचं चलन) ठरवा, बाजार वगळायला सांगा आणि संसदेचं अधिवेशन चालू असताना मंगळवार ते शुक्रवारातला दिवस धरा.