व्हॉल्व्हचा रेडिओ दुरुस्त करायचाय? बुधवार पेठेतल्या काकांकडे जा

आजोबांचा फिलिप्सचा व्हॉल्व्हचा, म्हणजे ट्रान्झिस्टरच्या आधीच्या काचेच्या नळ्यांचा, रेडिओ वीस वर्षं माळ्यावर होता, आधी घराजवळ एकाकडे दिला तर तो म्हणाला आतलं सगळं काढून ब्लूटूथ बसवतो, जीवच कळवळला. मग पुण्यात बुधवार पेठेत, पासोड्या विठोबाच्या मागच्या बाजूला एका काकांचं छोटंसं दुकान सापडलं.

काकांनी रेडिओ थेट प्लगला लावलाच नाही, आधी ६० वॅटचा बल्ब सिरीजमध्ये टाकला, कारण आत कुठे शॉर्ट असेल तर बल्ब पूर्ण पेटतो आणि ट्रान्सफॉर्मर वाचतो. मग मला मीटरवर दाखवलं, ईएल ८४ च्या (स्पीकरला आवाज पुरवणाऱ्या शेवटच्या व्हॉल्व्हच्या) ग्रिडवर, म्हणजे आतला प्रवाह आवरणाऱ्या जाळीवर, प्लस व्होल्टेज येत होतं, म्हणजे मागचा कपलिंग कपॅसिटर (आधीच्या व्हॉल्व्हकडून फक्त आवाजाचा सिग्नल पुढे सोडणारा) लीक झालाय, तसाच चालवला असता तर व्हॉल्व्ह लाल होऊन गेला असता! जुने कागदी कपॅसिटर सगळे बदलले, व्हॉल्व्ह मात्र पाचपैकी चार ओरिजिनलच ठेवले, हे मला फार आवडलं.

२,८०० रुपये आणि पाच आठवडे लागले, फोन उचलत नाहीत त्यामुळे दोन चकरा फुकट गेल्या. पण काम एक नंबर.

आता सकाळी बटण फिरवलं की अर्धा मिनिट शांतता, मग हळूहळू आवाज वर येतो, मीडियम वेव्हच्या ७९२ किलोहर्ट्झवर आकाशवाणीचं पुणे स्टेशन बरोबर लागलं की हिरव्या डोळ्याच्या (स्टेशन नीट लागलं का ते दाखवणाऱ्या दिव्याच्या) पट्ट्या जवळ येतात. आई चहा घेऊन समोरच बसते.