संचार साथी: चोरीचं सिम बंद होतं, बिल मात्र उभंच राहतं

संचार साथी हे केंद्राच्या दूरसंचार विभागाचं पोर्टल १६ मे २०२३ ला सुरू झालं, ॲप १७ जानेवारी २०२५ ला आलं. आपल्या नावावर किती सिम चालू आहेत ते इथे फुकटात कळतं आणि आपलं नसलेलं सिम बंद करायला लावता येतं. एवढ्या कामाला ते चांगलं आहे. पण तुमच्या आधारवर भलत्यानेच काढलेल्या पोस्टपेडच्या थकबाकीची नोटीस घरी आली असेल, तर पोर्टलवर बटण दाबून ती थकबाकी एका रुपयानेही कमी होत नाही. देणं नाकारण्याची लढाई कंपनी, ठाणं आणि सिबिलसारख्या पतमाहिती कंपन्या यांच्याकडे कागदावर लढावी लागते. सेतूमध्ये वीस-तीस रुपये देऊन ‘काम झालं’ म्हणत घरी जाणारे नेमके इथेच फसतात, म्हणून हा आढावा.

आधी पोर्टलचं बोलू. ‘सिटिझन सेंट्रिक सर्व्हिसेस’खाली आपल्या नावावरची मोबाईल कनेक्शनं पाहण्याचा पर्याय आहे. नंबर टाकायचा, चित्रातली अक्षरं भरायची, ओटीपी टाकला की यादी समोर येते. ओटीपी लागतो म्हणून फोन सोबत हवाच. फोन घरी ठेवून नुसतं आधार घेऊन तालुक्याला आलेल्याची फेरी वाया जाते. मेळघाटात किंवा गडचिरोलीच्या आतल्या भागात, जिथे रेंजच येते-जाते, तिथे हे काम बाजाराच्या दिवशी तालुक्याच्या गावीच उरकलेलं बरं. कारण ओटीपी उशिरा आला की पान बाद होतं आणि सगळं पहिल्यापासून करावं लागतं.

यादीत नंबर अर्धवट झाकलेले असतात, ओळखायचे शेवटच्या आकड्यांवरून. एका माणसाच्या नावावर देशात बहुतेक ठिकाणी जास्तीत जास्त ९ सिम चालतात. आपल्याकडच्या घरांत बापाच्या एकाच आधारवर बायको, दोन पोरं आणि सुनेचंही सिम घेतलेलं असतं. त्यामुळे पाच-सहा नंबर दिसले म्हणून घाबरायचं नाही. घरातल्या सगळ्यांचे नंबर कागदावर लिहून न्यायचे आणि एकेक जुळवायचा. न जुळवता दाबलं तर सुनेचा नंबर बंद पडतो, आणि बँकेचा, गॅसचा, पीएम किसानचा ओटीपी त्यावरच येत असतो.

आता खरी गोम. प्रत्येक नंबरासमोर तीन पर्याय असतात: ‘नॉट माय नंबर’, ‘नॉट रिक्वायर्ड’ आणि ‘रिक्वायर्ड’. सेतूवाला घाईत असेल तर मधला दाबून मोकळा होतो, शेवटी सिम बंदच होणार ना, असं त्याचं म्हणणं. पण ‘नॉट रिक्वायर्ड’चा अर्थ होतो: नंबर माझाच होता, आता नको. उद्या त्याच नंबरचं बिल नाकारायला गेलात की ही नोंद तुमच्यावरच उलटते. तुम्ही न घेतलेल्या नंबरासाठी पहिलाच पर्याय दाबायचा. त्यानंतर कंपनी त्या नंबरच्या ग्राहकाची पडताळणी नव्याने करते, आणि ती झाली नाही तर नंबर तुटतो. बटण दाबण्याआधी यादीचा स्क्रीनशॉट, दाबल्यावर मिळणाऱ्या संदर्भ क्रमांकाचा दुसरा स्क्रीनशॉट, आणि दोन्हींची छापील प्रत तारखेसह घ्यायची. नंबर एकदा बंद झाला की यादीतून जातो. मग तो आपल्या नावावर होता हे दाखवायला हातात काही उरत नाही.

पोर्टलची मर्यादाही यातूनच येते. यादी चालू कनेक्शनची असते. पोस्टपेडची वसुली मात्र बहुधा नंबर तुटल्यावरच सुरू होते. बिल थकल्यावर कंपनीने तोडलेला नंबर इथे सापडेल या भरवशावर राहू नका. यादी स्वच्छ असली तरी वकिलाची नोटीस खरी असू शकते. दूरसंचार विभागाची ‘अस्त्र’ नावाची चेहरा जुळवणारी यंत्रणाही आहे. एकच चेहरा वेगवेगळ्या नावांवर सिम घेताना दिसला की ती पकडते. तुमचंच नाव, तुमचाच चेहरा आणि एकूण सिम नऊच्या आत, असा प्रकार तिच्या नजरेत कसा भरणार?

गावाकडची चोरी तर अशीच असते. बाजारात छत्री लावून बसलेला सिमवाला म्हणतो, ‘काका, अंगठा बसला नाही, पुन्हा लावा.’ निंदण-वेचणीने झिजलेले अंगठे खरोखरच बसत नाहीत, म्हणून कोणाला शंकाही येत नाही. पहिला अंगठा बसलेला असतो, दुसऱ्यावर दुसरं सिम निघतं. हे पकडायचं साधन आधारच्या संकेतस्थळावर आहे: ‘ऑथेंटिकेशन हिस्टरी’. तुमचा आधार कोणत्या तारखेला, किती वाजता, कोणत्या संस्थेने तपासला ते तिथे दिसतं. फक्त मागच्या सहा महिन्यांचं आणि एका वेळी जास्तीत जास्त ५० नोंदी. म्हणजे नोटीस हातात पडली त्याच आठवड्यात ही यादी काढून ठेवायची, ‘सोयाबीन निघालं की पाहू’ म्हटलं तर नोंद निघून गेलेली असते. आधारला मोबाईल जोडलेला नसेल तर तो आधी जोडून घ्यावा लागतो. तिथेच ‘लॉक बायोमेट्रिक्स’ही आहे. ते चालू केलं की अंगठ्यावर कोणी काही काढू शकत नाही. रेशनच्या किंवा पैसे काढायच्या दिवशी मात्र आठवणीने तात्पुरतं उघडावं लागतं, नाहीतर रांगेतून परत फिरावं लागेल.

यापुढची लढाई कंपनीशी. इथे पहिली ठेच १९८ वर लागते. हा तक्रारीचा नंबर ज्या कंपनीच्या सिमवरून लावाल त्याच कंपनीकडे जातो. बिल दुसऱ्या कंपनीचं असेल तर त्याचा उपयोग नाही. त्या कंपनीच्या ग्राहक सेवेला लावलं तर ती म्हणते, नोंदवलेल्या नंबरवर आलेला ओटीपी सांगा. तो ओटीपी चोराच्या खिशात जातो. म्हणून फोनवर वेळ न घालवता ईमेल करायचा किंवा कंपनीच्या दुकानात लेखी अर्ज देऊन शिक्क्याची पोच घ्यायची. तक्रारीचा डॉकेट क्रमांक मागून घ्यायचा, पुढचं सगळं त्याच्यावरच चालतं.

अर्जात ‘बिल कमी करा’, ‘व्याज माफ करा’ असलं काही लिहायचं नाही. ती देणं मान्य असल्याची भाषा झाली. सरळ लिहायचं: ‘हा क्रमांक मी घेतलेला नाही, वापरलेला नाही, आणि त्याचं कोणतंही देणं मला मान्य नाही.’ त्याखाली मागण्या: ग्राहक अर्जाची म्हणजे ‘कॅफ’ची प्रत, सिम सुरू झाल्याची तारीख-वेळ, विक्रेत्याचं नाव आणि कोड, बिल पाठवायचा पत्ता, पर्यायी नंबर, तपशीलवार बिल आणि तक्रार निकाली निघेपर्यंत वसुली थांबवणं.

यातला कॅफवरचा फोटो सोन्याच्या मोलाचा. डिजिटल केवायसीत ग्राहकाचा फोटो जागेवरच काढावा लागतो, आणि नियमाने त्या फोटोवरच अर्ज क्रमांक, जागेचे अक्षांश-रेखांश, विक्रेत्याचं नाव व कोड, तारीख आणि वेळ उमटलेली असते. १ जानेवारी २०२४ पासून कागदी केवायसी बंद आहे, त्यामुळे त्यानंतरच्या सिमला ‘कागद सापडत नाही’ हे उत्तर चालू द्यायचं नाही. फोटो पुण्यातला असेल आणि त्या दिवशी तुम्ही जिनिंगवर कापूस घातलेला असेल, तर तारीख-वेळेची काटा पावती जोडा. रोजगार हमीच्या मस्टरवर त्या दिवसाची हजेरी असेल तर तीही चालते. फोटो तुमचाच निघाला तरी हातपाय गाळायचे नाहीत. स्वतःच्या खऱ्या सिमच्या कॅफची प्रतही मागवा. दोन्ही फोटोंत विक्रेत्याचा कोड एकच, कपडे तेच आणि वेळेत चार-पाच मिनिटांचा फरक, की छत्रीवाल्याचा डाव उघडा पडला.

कंपनी गोपनीयतेचं कारण सांगून प्रत अडवू शकते. बीएसएनएल सरकारी असल्याने तिच्याकडे माहिती अधिकाराचा अर्ज टाकता येतो, खासगी कंपनीला तो लागू नाही. तिथे पोलिसांनी मागितल्यावरच कागद हलतो. बिलाची तक्रार कंपनीने फेटाळली किंवा मुदतीत उत्तरच दिलं नाही, तर ३० दिवसांत कंपनीच्याच अपील प्राधिकरणाकडे जायचं. फी नाही, निकाल ३९ दिवसांत देणं बंधनकारक. आपल्याला महाराष्ट्र-गोवा परिमंडळाचं प्राधिकरण लागतं, मुंबईचं वेगळं आहे. अपील म्हणजे काय हे काउंटरवरच्या पोऱ्याला बहुधा ठाऊक नसतं. त्याच्याशी वाद घालण्यापेक्षा संकेतस्थळावरून पत्ता घेऊन रजिस्टर पोस्ट करा. तरीही नाही जमलं तर केंद्राचं तक्रार पोर्टल, आणि शेवटी जिल्हा ग्राहक आयोग. मोबाईल सेवेच्या वादात ग्राहक आयोगाला अधिकार आहे, असं सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२२ मध्ये स्पष्ट केलं आहे. फक्त ‘तुम्हीच म्हणता आम्ही ग्राहक नाही, मग इथे कसे?’ असा बचाव कंपनीकडून येऊ शकतो, त्याची तयारी वकिलाशी बोलून आधीच ठेवावी.

ठाण्यातलं थोडक्यात. ओळख चोरणं हा माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६६ क (इंग्रजीत 66C) चा गुन्हा, शिक्षा तीन वर्षांपर्यंत आणि एक लाखापर्यंत दंड. फसवणुकीने सिम मिळवण्याला २०२३ च्या दूरसंचार कायद्यात तीन वर्षांपर्यंत कैद किंवा ५० लाखांपर्यंत दंड आहे. ६६ क चा गुन्हा दखलपात्र आहे, तेव्हा नुसती एनसी, म्हणजे अदखलपात्र नोंद, घेऊन परतू नका. माहिती तंत्रज्ञान कायद्याखालचा तपास पोलीस निरीक्षकाच्या खालचा अधिकारी करू शकत नाही, आणि गावाकडे ठाणेदार पुष्कळदा सहायक निरीक्षक असतो. म्हणून ‘जिल्ह्याच्या सायबर ठाण्यात जा’ हे उत्तर दरवेळी टोलवाटोलवी असतंच असं नाही. ते लेखी मागा किंवा तुमचा अर्ज तिकडे पाठवायला लावा. १९३० चा नंबर खात्यातून पैसे गेले तर धावपळीसाठी आहे, थकबाकीच्या तक्रारीला सायबर गुन्ह्यांचं राष्ट्रीय पोर्टल वापरा.

सगळ्यात जास्त नुकसान होतं ते बँकेत. पीक कर्जाला सिबिल पाहू नका असं सरकार बजावत असतं, पण जूनमध्ये काउंटरवर काय होतं ते प्रत्येक कास्तकाराला माहीत आहे. देशात अशा पतमाहिती कंपन्या चार: सिबिल, एक्स्पेरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क. प्रत्येकीकडून वर्षात एक पूर्ण अहवाल फुकट मिळतो. चारही काढा, कारण एकीकडे दिसलेलं खातं दुसरीकडे दिसेलच असं नाही. अहवालावरचा कंट्रोल नंबर टाकून ऑनलाइन वाद नोंदवायचा आणि त्यात रकमेबद्दल नव्हे, तर ‘ओनरशिप’, म्हणजे खातंच माझं नाही, हा प्रकार निवडायचा. रक्कम निवडली की मोबाईल कंपनी रक्कम तपासते, ‘बरोबर आहे’ म्हणते आणि वाद बंद होतो. सिबिल स्वतःहून नोंद पुसत नाही, नोंद देणाऱ्या कंपनीने होकार द्यावा लागतो. म्हणूनच आधी मोबाईल कंपनीकडची तक्रार, मग हा वाद, असा क्रम. ३० दिवसांत निकाल नाही लागला तर पतमाहिती कंपनीविरुद्ध रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे फुकट तक्रार करता येते. मोबाईल कंपनीविरुद्ध मात्र तिथे जाता येत नाही, गल्लत करू नका.

वसुलीवाल्याचा फोन येतो तो गोड. ‘काका, अकरा हजारांचे चार भरा, मिटवून टाकू.’ चार हजार भरले की खातं ‘सेटल्ड’ दिसतं, आणि बँकेच्या लेखी सेटल्ड म्हणजे कर्ज बुडवून तडजोड केलेला माणूस. शिवाय देणं तुमचंच होतं हे तुम्हीच कबूल केल्यासारखं होतं. पाचशे रुपयेही भरायचे नाहीत. त्याला डॉकेट क्रमांक सांगायचा, उत्तर लेखी मागायचं आणि फोन ठेवायचा.

संचार साथीला दहापैकी किती? चालू सिम शोधायला आठ, बंद करायला सात, बिल मिटवायला शून्य. अर्थात ते त्याचं कामही नाही, पण पानावर तसं ठळक लिहायला काय हरकत होती? ॲपपेक्षा संकेतस्थळ बरं, या कामाला ॲपची गरज नाही आणि ते फोनमधल्या बऱ्याच परवानग्या मागतं. २०२५ च्या नोव्हेंबरात प्रत्येक नव्या फोनमध्ये हे ॲप घालण्याचा आदेश निघाला होता, ओरड झाल्यावर डिसेंबरच्या सुरुवातीलाच तो मागे घेतला गेला.

आणखी एक कागद येऊ शकतो, त्याने घरात रडारड होते: तालुका विधी सेवा समितीची लोकअदालतीची नोटीस. वर न्यायालयाचं नाव असतं, पण खाली ‘दाखलपूर्व प्रकरण’ लिहिलंय का ते पाहा. याचा अर्थ खटला अजून दाखलच नाही. कंपन्या थकबाकीची प्रकरणं गठ्ठ्याने तिथे ठेवतात. लोकअदालतीत तडजोड दोघांच्या संमतीनेच होते, गैरहजर माणसावर निवाडा लादता येत नाही. पण एकदा सही केली की तो निवाडा दिवाणी हुकूमनाम्यासारखा, त्यावर अपील नाही. बाया-माणसांना आणि अनुसूचित जाती-जमातींच्या लोकांना त्याच समितीकडून उत्पन्नाची अट न पाहता फुकट वकील मिळतो, तो त्याच दिवशी मागता येतो. तारखेला डॉकेट क्रमांक, पोलिसांची पोच, पोर्टलचे स्क्रीनशॉट आणि आधारची यादी घेऊन जायचं, ‘देणं अमान्य, ओळख चोरीची तक्रार दाखल’ असं लेखी द्यायचं, त्याच्या दुसऱ्या प्रतीवर शिक्का मारून घ्यायचा आणि सही न करता परतीची एसटी पकडायची.