आरसिंक आणि हार्ड लिंकचे रोजचे बॅकअप: आठ महिन्यांच्या वापरानंतर

मांडणी साधी आहे. डेबियनचा (लिनक्सचा एक प्रकार) एक सर्व्हर, एक्सटी४ फॉरमॅटची ४ टीबीची एक्स्टर्नल डिस्क आणि रात्री २ वाजता क्रॉनमधून (ठरल्या वेळी कामं चालवणारी सोय) चालणारी छोटी शेल स्क्रिप्ट. कॉपीचं काम आरसिंक करतं, म्हणजे बदललेल्या फायली तेवढ्याच नेणारी कमांड. अँड्र्यू ट्रिजेल आणि पॉल मॅकेरस यांनी ती १९९६ मध्ये आणली. एवढ्या वर्षांनीही या कामासाठी पहिलं नाव तेच घ्यावंसं वाटतं.

खरी ताकद ‘लिंक-डेस्ट’ या पर्यायात आहे. त्याला कालचं फोल्डर दाखवलं, की न बदललेल्या फाइलची नुसती हार्ड लिंक (डिस्कवरच्या त्याच फाइलचं आणखी एक नाव) बनते आणि बदललेली तेवढीच नव्याने लिहिली जाते. तारखेचं प्रत्येक फोल्डर पूर्ण दिसतं, जागा मात्र फरकापुरतीच जाते. फाइल परत हवी असेल तर साधी कॉपी करायची. रीस्टोअरसाठी वेगळं काही लागत नाही, आणि घाईच्या वेळी याची किंमत कळते.

आता घोळ कुठे होतात ते. लिंक-डेस्टचा मार्ग रिलेटिव्ह दिला तर तो चालू फोल्डरपासून धरला जात नाही, डेस्टिनेशनपासून धरला जातो. मार्ग चुकला तरी आरसिंक थांबत नाही, इशारा देऊन सगळं नव्याने कॉपी करतं. सोर्सच्या शेवटचा स्लॅश एखाद्या दिवशी राहिला तरी तेच: फायली एक पायरी आत जातात, कालच्याशी जुळत नाहीत आणि डिस्क भरते. म्हणून पहिल्या दोन रात्रींनंतर एकच फाइल दोन्ही फोल्डरांत ‘एलएस -एलआय’ने बघा. आयनोड नंबर, म्हणजे डिस्कवरच्या फाइलची ओळख, सारखा हवा. सोर्सवर सरसकट चोन किंवा सीएचमॉड (मालक आणि परवानग्या बदलणाऱ्या कमांड) केलं तरीही पूर्ण नवी कॉपी होते, कारण हार्ड लिंकला मालक आणि परवानग्या वेगळ्या ठेवता येत नाहीत.

डिस्क माउंट (सिस्टीमच्या फोल्डरला जोडलेली) झालेली नसेल तर बॅकअप माउंट पॉइंटच्या रिकाम्या फोल्डरात जातो आणि रूट पार्टिशन तुडुंब भरतं. स्क्रिप्टच्या सुरुवातीला ‘माउंटपॉइंट -क्यू’ची तपासणी हवीच. तारीख थेट क्रॉनटॅबच्या ओळीत लिहू नका: तिथे टक्क्याचं चिन्ह म्हणजे नवी ओळ, त्यामुळे कमांड अर्ध्यातच तुटते. तारीख स्क्रिप्टमध्येच काढा. रात्रीचं काम लांबलं तर दुसरं त्यावर चढू नये म्हणून ‘एफलॉक -एन’ लावा, आधीचं चालू असेल तर नवं सुरूच होत नाही.

आरसिंकचा एक्झिट कोड (काम संपल्यावर मिळणारा निकालाचा आकडा) २४ आला तर घाबरू नका, कॉपी चालू असताना सोर्समधली एखादी फाइल नाहीशी झाली एवढाच त्याचा अर्थ. २३ आला तर मात्र लॉग उघडा, काहीतरी कॉपी व्हायचं राहिलंय. चालू डेटाबेसच्या फायली थेट उचलणं धोक्याचं आहे. आधी डंप (डेटाबेसची फाइलमध्ये काढलेली प्रत) घ्या, मग आरसिंक.

उणिवा आहेत. फोल्डरचं नाव बदललं की आतलं सगळं पुन्हा कॉपी होतं. एन्क्रिप्शन नाही, ते हवं असेल तर रेस्टिक किंवा बोर्ग ही बॅकअपची साधनं बघा. आणि सर्वांत महत्त्वाचं: न बदललेली फाइल तीस फोल्डरांत दिसली तरी डिस्कवर ती एकच असते. तो भाग खराब झाला तर तीसही ठिकाणी गेली. आरसिंक एरवी फक्त आकार आणि वेळ पाहतं, त्याला हे कळणार नाही. म्हणून महिन्यातून एकदा चेकसम (फाइलच्या आतल्या मजकुराची तुलना) आणि ड्राय-रन (काही न लिहिता नुसती चाचणी) एकत्र लावून ताज्या फोल्डरशी ताळा घ्यायचा, आणि दुसरी डिस्क वेगळ्या जागी ठेवायची.