निर्गुंडीची परीक्षा: तापलेली प्लेट की पोटातली कळ?

दादरच्या बाजारातून आणलेला निर्गुंडीचा पाला शेकून गुडघ्यावर बांधला की आमची आजी म्हणते, "ठणका उतरला." प्रयोगशाळेतला उंदीर असं काही सांगत नाही, म्हणून वेदना कमी होते का हे तपासायच्या या दोन जुन्या चाचण्या.

हॉट प्लेटवर, साधारण 55 अंश सेल्सिअसला, उंदीर किती सेकंदांत पंजा चाटतो किंवा उडी मारतो ते मोजतात. मेंदू-मज्जारज्जूवर काम करणारं मॉर्फिन इथे लगेच ओळखू येतं. सुजेच्या जागी काम करणारं ॲस्पिरिन जवळपास नापास.

दुसरीत पोटात सौम्य ॲसेटिक ॲसिड टोचून उंदीर किती वेळा पिळवटतो ते मोजतात. इथे ॲस्पिरिनही पास होतं, म्हणजे चाचणी जास्त संवेदनशील. पण फसवीही! गुंगी आणणारा किंवा स्नायू सैल करणारा अर्कसुद्धा पिळवटणं कमी करतो. वेदना थांबली, की उंदीर नुसता पेंगला? शांत करणाऱ्या वनस्पतींत खरी गोची हीच. म्हणून फिरत्या दांड्यावर, म्हणजे रोटारॉडवर, त्याचा तोलही तपासावा लागतो.

सुजेवर बांधायच्या पाल्यासाठी मी आधी दुसरी निवडेन, रोटारॉडसकट. हॉट प्लेट नंतर. आजीच्या मते तवा पुरे.